ओमानच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात शिक्षकाची नोकरी: निघण्याआधी काय बघावं?

सेलूकर_मास्तर

नमस्कार मंडळी. ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर, अश्खराच्या बाजूला एका खासगी शाळेत इंग्रजी शिक्षकाच्या जागेचं पत्र आलंय. पगार ३२० रियाल. त्यात मूळ पगार १६०, बाकी भत्ते. 'निवास शाळेतर्फे' एवढंच लिहिलंय, वीज-पाण्याचा शब्द नाही. एम.ए., बी.एड. झालंय, पदवी नांदेड विद्यापीठाची. सत्र सप्टेंबरला सुरू होतंय.

मस्कत-दुबईची माहिती ढीगभर मिळते, पण मासेमारीवर चालणाऱ्या गावात राहायचं म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. कागदपत्रं कोणत्या क्रमाने करावीत, घर बघताना काय तपासावं, भाकरीची सोय होते का आणि वर्गात पहिल्यांदा काय अडतं, एवढं सांगा. एजंट ८० हजार मागतोय, तेही योग्य आहे का?

लातूर_ते_सूर

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच जातात. नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. ई-मायग्रेटच्या (परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी) साइटवर त्याचा परवाना क्रमांक टाकून बघा. नाव सापडलं नाही तर चहा पिऊन उठून या. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बदलून घेऊ' म्हणाला तर चहाही पिऊ नका.

आता कागदपत्रं. ओमान २०१२ पासून अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून आपलं सरकार लावतं ती खूण) मानतो, त्यामुळे दूतावासाचे वेगळे शिक्के लागत नाहीत. क्रम असा: आधी विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचं पत्र, मग राज्य सरकारच्या पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. बी.एड.ची पदवीसुद्धा यात घाला. नुसती एम.ए.ची करून घेतात आणि शिक्षक म्हणून मान्यता मिळवताना अडकतात.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या दोन चुका सांगतो. पहिली लॅमिनेशनची. अपोस्टिलचं स्टिकर मूळ कागदाच्या पाठीमागे चिकटवतात, प्लॅस्टिकवर ते चालत नाही. लॅमिनेशन सोलायला जाल तर शाईही निघून येते. मग दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठात खेटे, आणि त्यात दोन-दोन महिने जातात. दुसरी चूक नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळाच क्रम, कुठं वडिलांचं नाव गायब. क्रम बदलला तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंग वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचाही अपोस्टिल करावा लागतो. आज रात्रीच सगळे कागद एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर जुळवा.

पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, असा) शिक्का नाही ना, तेही बघा. असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावर काढून घ्या. वैद्यकीय तपासणी 'वाफिद' या आखाती देशांच्या साइटवरून ऑनलाइन नोंदवून ठरवून दिलेल्या केंद्रातच होते. छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी अनफिट ठरवतात, म्हणून घाईने राजीनामा देण्याआधी गावातच एक एक्स-रे काढून डॉक्टरला दाखवा. अहवालाची मुदत थोडी असते. व्हिसाचं काम सुरू झाल्याशिवाय खरी तपासणी करू नका.

करारातला १६० चा आकडा मला खटकतो. २०२३ च्या ओमानी कामगार कायद्यात नोकरी सोडताना वर्षाला किमान एक महिन्याचा मूळ पगार मिळतो. ३२० नाही, १६०. तीन वर्षांत ४८० रियालचा फरक पडतो. मूळ पगार वाढवून मागा. भत्ते कमी केले तरी चालेल, म्हणा. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार, परतीचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, वीजबिल कुणाचं, आरोग्य विमा आहे का, या चार गोष्टी लेखी घ्या. प्रोबेशन तीन महिन्यांपेक्षा जास्त लिहिलं असेल तर ते कायद्यात बसत नाही. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेण्याचा हक्कही शाळेला नाही.

उदगीरची_ताई

घराचं मी सांगते. टँकरची सवय आपल्या माणसाला शिकवावी लागत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते बघितलेली माणसं आपण. तिथल्या खेड्यातही बऱ्याच घरांना टँकरच असतो. फरक एवढाच की माप गॅलनमध्ये. एक गॅलन साडेचार लिटरचा धरा. ६०० गॅलनची टाकी म्हणजे साधारण २,७०० लिटर, दोघांनी रोज ३०० लिटर वापरलं तर नऊ दिवस. टाकी किती गॅलनची, झाकण घट्ट बसतं का आणि टँकरचे पैसे कोण देतं, हे आधी विचारा. झाकण सैल असेल तर आठवड्यात तळाला वाळू बसते आणि नळाच्या जाळ्या तुंबतात. प्यायला १९ लिटरचे जार घ्यायचे.

टाकी गच्चीवर असते, त्यामुळे उन्हाळ्यात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. त्याला उपाय आहे: गीझर बंद ठेवायचा. गीझर घराच्या आत, एसीच्या गारव्यात असतो, म्हणून त्याच्यातलं पाणी गार राहतं. म्हणजे अंघोळीला 'गरम'चा नळ सोडायचा! पन्नास लिटरचा गीझर एका माणसाला पुरतो, पुन्हा भरलेलं पाणी गार व्हायला बरेच तास लागतात.

अश्खराची हवा बाकी ओमानसारखी नाही. जून ते ऑगस्ट समुद्रावरून जोराचा मोसमी वारा येतो. तिकडचे लोक उलट गारव्यासाठी या बाजूला येतात. पण त्या वाऱ्याबरोबर वाळू आणि खार दोन्ही येतात. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावून घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाराने पांढऱ्या पडून झडतात, मग गारवा कमी आणि बिल जास्त. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याची हलकी धार मारायची. विहिरीचं मचूळ पाणी अजिबात नको, त्याने उलट लवकर सडतं. आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवा. घरात पाणी ठिबकायला लागलं की समजा, निचऱ्याची नळी धुळीने भरली.

वारा पडला की दमट हवा. परभणीचा मे महिना सोसणाऱ्याला तापमानाचं काही वाटत नाही, पण तो दमटपणा वेगळाच. चामड्याचे बूट, पुस्तकं, पदव्यांची फाईल यांना बुरशी लागते. मूळ कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, वीज २४० व्होल्ट. आपला मिक्सर ॲडॉप्टर लावून चालतो.

काळा_मसाला

भाकरीबद्दल. गावातलं दुकान बहुतेक केरळी नाहीतर बांगलादेशी माणसाचं. तांदूळ, तूरडाळ, गव्हाचं पीठ मिळतं. ज्वारीच्या पिठासाठी सूरसारख्या शहरातलं मोठं दुकान गाठावं लागेल. घरून पाच किलोच्या वर नेऊ नका, आणि नेलेलं फ्रीझरमध्ये ठेवा. पीठ जुनं झालं की कितीही उकळतं पाणी घाला, थापताना कडा चिरतातच.

आणि लई महत्त्वाचं: खसखस नेऊ नका. आखाती देशांत ती अमली पदार्थात धरतात. नुसती पुडीच नव्हे, घरच्या काळ्या मसाल्यातसुद्धा आपण खसखस भाजून घालतो. मसाला वेगळा, खसखस न घालता कांडून घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या यांचंही तसंच. लागत असतील तर डॉक्टरची चिठ्ठी असावी आणि तिथल्या नियमात बसतात का ते आधी तपासावं.

मासे खात असाल तर सुरमईला तिकडे 'कनअद' म्हणतात. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिच्या मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत दुकानात मागू नका. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या तारल्या दिसतील, त्या जनावरांच्या चाऱ्यासाठी. घर निवडताना वारा कुठून येतो ते तेवढं बघा 🙂

सेलूकर_मास्तर

सगळ्यांचे आभार. लॅमिनेशन केलेलंच आहे, दहावी-बारावीचं! पदवीचं नाही, नशीब. गाडी लागेलच का? आणि वर्गाचं कुणी सांगा.

धर्माबादी

दहावी-बारावीची दुय्यम प्रत विभागीय मंडळातून निघते, पण शाळेने मागितली नसेल तर उगं खर्च करू नका. आधी विचारा.

वर्गात पहिल्या आठवड्यात काय अडतं ते सांगतो. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पार्क आणि बार्क पोरांना सारखेच ऐकू येतात. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला लावा: 'प'ला ती हलते, 'ब'ला हलत नाही. वर्तमानकाळात अरबीला 'आहे' लागत नाही, म्हणून 'आय टीचर' असं लिहितात. ही निष्काळजी नव्हे, मातृभाषेची सवय आहे. लाल शाईने रंगवण्यापेक्षा रोज दहा वाक्यं तोंडी घ्या. लिहिताना स्वर गाळतात, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. कॅपिटल अक्षर ही कल्पनाच त्यांना नवी. वही उजवीकडून उघडतात, तेव्हा इंग्रजीची वही कुठून सुरू करायची ते पहिल्याच दिवशी खूण करून दाखवा.

आकडे तुम्हालाच चकवतील. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. हजेरीपट, गुणतक्ता, दुकानातली किंमत, सगळीकडे हा घोळ. शिवाय रियालचे १००० बैसे, म्हणून दशांशानंतर तीन आकडे असतात. १.५०० म्हणजे दीड रियाल, दीड हजार नव्हे.

आठवडा रविवार ते गुरुवार. रमजानमध्ये शाळेची वेळ कमी होते. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं हा कायद्याने गुन्हा आहे, गाडीत बसून पाणी पिणंही टाळा. पालकांच्या घरी कहवा (अरबी कॉफी) आला की कप उजव्या हाताने घ्या. पुरे झाला की हलकेच हलवून परत द्या, नाहीतर ओतणारा थांबत नाही. मुलांचे किंवा बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, वर्गातले तर नाहीच.

लातूर_ते_सूर

गाडीशिवाय तिथं हात बांधल्यासारखं होतं. बाजार, मोठा दवाखाना, बँक, सगळं जअलान बनी बू अली या गावाला नाहीतर सूरला, आणि सूर शंभर किलोमीटरच्या पुढे. भारतीय लायसन्स तिथं नुसतं बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते: उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या मधून गाडी मागे घेणं, चढावर थांबवून पुन्हा उचलणं, मग रस्ता. गाडी उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे. ड्रमवर नापास होणारे जास्त, कारण आपण मान वळवून मागे बघतो आणि परीक्षक आरशात बघणं मागतो. तोपर्यंत शाळेची गाडी बाजारासाठी आठवड्यातून एकदा मिळेल का, हेही करारात घाला.

जुनी गाडी घेताना खालून बघा, किनाऱ्यावरच्या गाडीचं तळ आधी गंजतं. टायर कधी बनलं त्याचे चार आकडे त्यावर असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांवरचं टायर त्या उन्हात फुटतं, वर कितीही नक्षी दिसू द्या. अंधारात उंट रस्त्यावर येतात, आणि उंच पायांमुळे त्यांचं धड थेट काचेवर येतं. रात्रीचा प्रवास टाळलेला बरा. वादी (एरवी कोरडी असणारी नदी) वाहत असेल तर पलीकडे जाणारी दुसरी गाडी बघून धाडस करू नका, दंड वेगळाच.

पैशांचं थोडक्यात: रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे साधारण २.६० डॉलर. तिकडे गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या आणि पगारासाठी एनआरई (परदेशी कमाईसाठीचं खातं) उघडा. २८ सप्टेंबरच्या आत निघालात आणि मार्चअखेरपर्यंत परत आला नाहीत तर त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरत नाहीत, आणि तिथल्या पगारावर इथं कर लागत नाही. शाळा 'ऑक्टोबरमध्ये या' म्हणाली तर हे त्यांना सांगून तारीख अलीकडे घ्या. भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, तिथं गेल्यावर सुरू करायलाही ओटीपीच लागतो.