पेस्ट ‘वाळली’ की ‘सुकली’?

खटपट्या
मंडळी, एक अडचण आलीय. भाच्याचं नाशकात मोबाइल आणि गेम कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे, तो आता मराठीतून व्हिडिओ करायला लागलाय आणि खाली दिसणाऱ्या ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय (मानधन : मिसळ). पहिला व्हिडिओ तापणाऱ्या कन्सोलचा. गेम चालू केला की थोड्या वेळात पंखा घरघरायला लागतो, मग टीव्हीवर ‘जास्त तापलाय, थंड होऊ द्या’ अशी सूचना आणि खटकन बंद. भाचा तो उघडतो, पंख्यातली जळमटं काढतो, चिपवरची जुनी थर्मल पेस्ट (चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातू यांच्या मध्ये लावतात ती) खरवडून स्पिरिटने पुसतो आणि नवी लावतो. खरवडताना तो म्हणतो, ‘बघा, पेस्ट पूर्ण मेलेली आहे.’ मी खाली लिहिलं, ‘पेस्ट पूर्ण वाळलेली आहे.’ तर सूनबाई मालवणच्या, त्या म्हणाल्या मामा, वाळतात ती पानं, पेस्ट सुकते. मी म्हटलं आमच्याकडे सुकतो तो चेहरा. आता दोघींपैकी... आपलं, दोन्हींपैकी बरोबर कुठलं? नुसता प्रांताचा फरक आहे का अर्थातही आहे?

आडगावकर
अर्थात फरक आहे ना. आम्ही अमरावतीचे, आमच्याकडे कपडे वाळू घालतात. वाळणं म्हणजे वरचं पाणी गेलं, वस्तू तीच राहिली. सुकणं म्हणजे आतला जीव गेला. फूल सुकतं, तापानं पोर सुकतं. त्यामुळे भाचा जर ‘मेली’ म्हणत असेल तर ‘सुकली’च जवळचं आहे, सूनबाई जिंकल्या.

तिसऱ्यांचं सुकं
मग आमच्या मुंबईत सगळे कपडे मेलेलेच म्हणायचे, कारण आम्ही सुकतच घालतो 😄 आणि गोव्यात आजोळी सुकं म्हणजे सुकी मासळी, ती मेलेली असते हे मान्य. पण तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पूर्ण कोरडं नसतं हो, अंगाबरोबर रस असतो. म्हणजे सुकण्यात थोडी ओल शिल्लक, वाळण्यात ती पण नाही, खडखडीत वाळलं म्हणतो, खडखडीत सुकलं कुणी म्हणत नाही.

आडगावकर
म्हणतात की. कोकणात म्हणत असतील.

तिसऱ्यांचं सुकं
नाही म्हणत.

ओहमचा नियम
अहो पण त्या पेस्टमध्ये पाणी नसतंच, मग वाळणार काय आणि सुकणार काय? साधी पांढरी पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड नाहीतर ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड. चिप तापली की फुगते, गार झाली की आकसते, वरचा धातू वेगळ्या मापाने फुगतो, हा खेळ रोज चालतो आणि त्यात पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, तेल पुडीपासून सुटं होतं आणि मधोमध खडूसारखी भुकटी राहते. भाचा जे खरवडतोय ते हेच. मराठीत याला नेमका शब्द आहे आणि तो स्वयंपाकघरात आहे. ‘तेल सुटणे’. ‘पेस्टला तेल सुटलंय’ लिहा, शास्त्रानेही बरोबर आणि मराठीनेही.

भाकरीची चंद्रकोर
हे वाचून हसू आलं. मसाला परतताना तेल सुटलं म्हणजे झालं, आता पाणी घाला, ही आनंदाची बातमी असते. व्हिडिओत ‘पेस्टला तेल सुटलंय’ वाचून माझ्यासारखी बाई म्हणेल की वा, जमली वाटतं पेस्ट.

ओहमचा नियम
लोणच्याला पण सुटतं.

भाकरीची चंद्रकोर
लोणच्यालाही चांगलंच असतं ते!! तेल वर नसेल तर बुरशी येते.

शुद्धमती
क्रियापदावर एवढा काथ्याकूट चाललाय आणि ‘थर्मल पेस्ट’ मात्र सगळ्यांनी मुकाट्याने गिळली. लेप हा शब्द काय वाईट आहे? उष्णतावाही लेप. शाळेत वहन, अभिसरण, प्रारण आपण मराठीतच शिकलो, सुवाहक-दुर्वाहक पाठ केलं, आणि आता दुकानात गेलो की एकदम मुके होतो.

खटपट्या
ताई, भाच्याचं गिऱ्हाईक सोळा वर्षांचं असतं. ते दुकानात येऊन ‘उष्णतावाही लेप बदला’ म्हणालं तर भाचाच त्याला आयुर्वेदिकवाल्याकडे पाठवेल.

शुद्धमती
सोळा वर्षांच्या मुलाला ‘प्रारण’ कळतं, परीक्षेत लिहितो तो. ‘लेप’ कळणार नाही असं तुम्हीच ठरवताय.

चहाची टपरी
औष्णिक लेप नको एवढंच सांगतो. औष्णिक म्हटलं की परळी नाहीतर कोराडीची चिमणी समोर येते.

पिष्टमय
शुद्धमती ताई, तुम्ही उगाच चिडताय, ‘पेस्ट’ आपलीच आहे. संस्कृत ‘पिष्ट’, म्हणजे दळलेलं. त्याचंच आपलं पीठ झालं आणि तिकडे जाऊन पेस्ट झाली. ध्वनी बघा, प-ष-ट, प-स-ट. अर्थ पण तोच, पिठाची खळ.

मुळाक्षर
हे मी इतक्यांदा वाचलंय की कंटाळा आला. पीठ पिष्टवरून आलं हे बरोबर, पेस्टचं मात्र नाही. इंग्रजी पेस्ट जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागे लॅटिन पास्ता आणि त्याच्या मागे ग्रीक, तिथे अर्थ जवाच्या पिठाची पेज असा काहीतरी, आणि ग्रीक मूळ शिंपडणे-भुरभुरवणे या अर्थाचं. म्हणजे पेस्ट, पास्ता आणि पेस्ट्री या सख्ख्या बहिणी, पिष्ट त्यांच्या शेजारचाही नाही. गंमत अशी की ‘पिष्’ या धातूचे खरे चुलते इंग्रजीत आहेत, फक्त तुम्ही चुकीच्या घरात शिरलात. लॅटिनमध्ये कुटणे या अर्थाचं जे क्रियापद आहे ते ‘पिष्’च्याच कुळातलं आणि त्यावरून खलबत्त्यातल्या बत्त्याला इंग्रजीत पेसल म्हणतात आणि इंजिनातला पिस्टन पण तिथलाच. तेव्हा पीठ आणि पिस्टन नातेवाईक आहेत, पीठ आणि पेस्ट नाहीत.

पिष्टमय
पिस्टन पटतं आणि पेस्ट पटत नाही, कमाल आहे. ध्वनिसाम्य तर पेस्टचंच जास्त आहे.

मुळाक्षर
ध्वनिसाम्यावर जायचं तर ‘पिस्ता’ पण घ्या मग.

चहाची टपरी
या चर्चेला पिष्टपेषण म्हणायला हरकत नाही ना 🙏

जुना रेडिओवाला
माझे चार आणे. हा प्रकार आम्ही गेम कन्सोल जन्माला यायच्या आधीपासून वापरतोय. ॲम्प्लिफायर बांधायचो तेव्हा त्यात तो मोठा धातूचा ट्रान्झिस्टर असायचा, २एन ३०५५, दोन कानांचा, स्क्रूने हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, आवळायचा. त्याचं अंगच विजेला जोडलेलं, म्हणून मध्ये अभ्रकाची पातळ चकती घालायची आणि चकतीच्या दोन्ही अंगांना ते पांढरं लावायचं. त्याला आम्ही कंपाउंड म्हणायचो. दुकानात ‘कंपाउंडची डबी द्या’ एवढंच. पेस्ट म्हणजे वेगळं, ती सोल्डरिंगची, तिचं काम वेगळं आणि तीच डबी चुकून उचलली की ओरडा बसायचा. त्यामुळे थर्मल पेस्ट ऐकलं की मला अजून खटकतं. आणि कंपाउंडचा गुण असा की बोटाला लागलं की चष्म्याला, चष्म्याचं नाकाला, संध्याकाळी घरी गेल्यावर बायको विचारणार हे पांढरं काय फासून आलात.
आता क्रियापदाचं. तुम्ही सगळे ‘सुकली-वाळली’वर अडलात, खरा घोळ ‘लावणे’चा आहे. हाताखालच्या पोराला ‘कंपाउंड लाव’ सांगितलं की तो चोपडतो. आमचे उस्ताद म्हणायचे ‘दाखव नुसतं’. म्हणजे कंपाउंड दाखवायचं, वरणाला हिंग दाखवतात तसं. भाच्याला हे क्रियापद द्या.

भाकरीची चंद्रकोर
‘दाखव नुसतं’ फारच आवडलं, काका.

ओहमचा नियम
काका शंभर टक्के बरोबर आणि याच्या मागे आकडे आहेत. उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत तांब्याला साधारण ४०० मार्क दिले तर ॲल्युमिनियमला २०० च्या वर, चांगल्या पेस्टला ४ ते १२ आणि हवेला ०.०२६. म्हणजे पेस्ट धातूपुढे अगदीच ढ आहे, फक्त हवेपुढे हुशार. चिप आणि हीटसिंक कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात, त्यात हवा अडकते, ती हाकलून ते खड्डे भरणं एवढंच पेस्टचं काम. जास्त लावली तर तुम्ही तांब्याच्या आणि चिपच्या मध्ये ढ मुलगा आडवा बसवला. म्हणून ‘उष्णतावाही’ हे नावच मला दिशाभूल करणारं वाटतं. ती वाहक कमी आणि भराव जास्त.

चहाची टपरी
मग वाहक नको, आम्हाला वाहक म्हटलं की ‘पुढे सरका’ ऐकू येतं.

गॅरेज कट्टा
भराव म्हणताय तर आमच्या धंद्यात शब्द तयार आहे. लांबी. गाडीला पोचा आला की ठोकून सरळ करायचा आणि उरलेले खड्डे लांबीने भरायचे. ‘लांबी मारली’ म्हणतो आम्ही. थर्मल लांबी.

ओहमचा नियम
लांबी दगडासारखी कडक होते आणि व्हायलाच पाहिजे, वर पॉलिशपेपर मारायचा असतो. ही कडक झाली की कामातून गेली.

आडगावकर
लुकण म्हणा मग! खिडकीच्या काचेला लावायचे ते. खडूची पूड आणि जवसाचं तेल. पूड आणि तेल, तुमच्या पेस्टचाच फॉर्म्युला आहे. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांचं लुकण तडकून पडायचं आणि वारा सुटला की काचा थडथड वाजायच्या.

शुद्धमती
लुकण हा या चर्चेतला पहिला शहाणा शब्द. ‘लेप’ मागे घेत नाही, पण लुकण चालेल.

मुळाक्षर
लेपाविरुद्ध अजून एक मुद्दा. लेप म्हटलं की मराठी कानाला वज्रलेप ऐकू येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृतीचा अख्खा अध्याय आहे, पंढरपुरात विठोबाच्या पायांनाही वज्रलेप झाला, आणि बोलताना ‘वज्रलेप झालं’ म्हणजे कधी न पुसणारं. पेस्ट तर बदलायचीच असते, नाहीतर भाच्याचं दुकान कसं चालणार.

शुद्धमती
चंदनाचा लेप कोण वज्रलेप समजतो हो? आणि तो तर ताप उतरवायलाच कपाळावर लावतात. तुमच्या तापलेल्या यंत्राला याहून चपखल काय पाहिजे.

मुळाक्षर
हे मात्र निरुत्तर करणारं आहे.

तिसऱ्यांचं सुकं
कुणी हीटसिंकचं मराठी करणार का? सिंक म्हणजे मोरी. उष्णतेची मोरी.

चहाची टपरी
मोरी तुंबली म्हणून कन्सोल तापला. वाक्य अगदी बरोबर बसतंय बघा, जळमटं अडकतात म्हणजे मोरीच तुंबते.

टोरांटोचा बंड्या
विषय संपतच आलाय म्हणा, २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्ट नाहीच, लिक्विड मेटल आहे. गॅलियमचा मिश्रधातू. सुकणार पण नाही, वाळणार पण नाही. पण वीज वाहून नेतो, म्हणून आजूबाजूला सांडू नये असा बांध घातलेला असतो, आणि ॲल्युमिनियमला लागला तर ते पोखरून टाकतो. म्हणून भाच्याला सांगा, पेस्टचा व्हिडिओ बघून पोरं तो पण उघडायला बसतील तर आधीच ओळ टाक. त्या लिक्विड मेटलला काय म्हणायचं, पारा?

शुद्धमती
पारा कसा, पारा वेगळा धातू आहे. पातळ धातू म्हणा, द्रवधातू म्हणा.

मुळाक्षर
ताई, तुमच्यासाठी एक खुशखबर. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये गॅलियम सापडायच्या आधीच त्याची जागा सांगून ठेवली होती, आणि त्याला नाव दिलं होतं एका-ॲल्युमिनियम. हा ‘एका’ म्हणजे आपला संस्कृत ‘एक’. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये तो खरोखर सापडला आणि नाव बदललं.

पिष्टमय
बघा!! आणि मी पिष्ट म्हटलं की हसता.

मुळाक्षर
त्याचा आणि याचा काय संबंध?

ओहमचा नियम
गॅलियम ३० अंशाच्या जरा खालीच वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला की पातळ. ‘वितळणे’ की ‘विरघळणे’ यावर आता कुणी सुरू करू नका.

भाकरीची चंद्रकोर
बर्फ विरघळतो म्हणतात आमच्याकडे सर्रास.

ओहमचा नियम
मी काय म्हणालो आत्ता.

खटपट्या
सगळ्यांचे आभार. भाच्याला अर्धी चर्चा वाचून दाखवली, तो म्हणाला मामा, मी व्हिडिओत ‘मेली’ म्हणालोय ते तसंच ठेवा, गिऱ्हाइकाला तेच कळतं. सूनबाईंना लुकण म्हणजे काय तेच माहीत नाही. ‘दाखवणे’ मात्र मी एका ओळीत घुसवलंय, ‘मुगाच्या डाळीएवढी पेस्ट दाखवा’, बघू कोण काय म्हणतं. आता पुढची अडचण. कन्सोलच्या पाठीवर जे स्क्रू असतात ते सहा पाकळ्यांचे आणि मधोमध टोचा, म्हणजे साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरने उघडत नाहीत, पात्याच्या टोकाला भोक असलेला लागतो. त्याला काय लिहू? चांदणी पेचकस?

शुद्धमती
पेचकस हिंदी.

जुना रेडिओवाला
पेचकस आम्ही कधीच म्हटलं नाही. लॅमिंग्टन रोडला गुजराती दुकानदार डिसमिस म्हणायचे, आम्ही पण डिसमिसच. ‘पोकळ चांदणीचा डिसमिस’.

आडगावकर
डिसमिस?? नोकरीवरून काढतात ते?

जुना रेडिओवाला
तेच. स्क्रूला काढायचं म्हणून असेल. ही माझी व्युत्पत्ती, मुळाक्षर आता येतीलच.

मुळाक्षर
आलोय. थांबा जरा.