शोध नक्की कुणाचा?
स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या प्रतिजैविकाचं १९५२चं नोबेल सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वॅक्समनना मिळालं म्हणजे शोध त्यांचाच, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. औषधासाठी मातीतले जंतू पद्धतशीर धुंडाळायची वाट त्यांची, कबूल. पण १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत दिवसरात्र राबत होता तो त्यांचा विद्यार्थी, २३ वर्षांचा अल्बर्ट शॅट्झ. हे औषध देणाऱ्या जंतूचा एक वाण त्याला मिळाला शेणखताच्या मातीतून, दुसरा चक्क कोंबडीच्या घशातून! पुढे त्याने गुरूवरच दावा ठोकला आणि तडजोडीत सहसंशोधक म्हणून मान्यता, शिवाय रॉयल्टीत ३ टक्के वाटा मिळवला. नोबेल हुकलंच. रटगर्सने पदक दिलं ते थेट १९९४ साली. आणि १९४४च्या शोधनिबंधातलं दुसरं नाव, एलिझाबेथ बुगी? ती तर पेटंटवरही नाही.