वाचायला शिकताना लायब्ररीची मदत झाली का? अनुभव सांगा

माझी मुलगी साडेसहा वर्षांची. बाराखडी धडाधड म्हणते पण पुस्तक उघडलं की "आई, तूच वाच". रोज रात्री बोट ठेवून वाचून घ्यायचा माझा हट्ट आणि दहा मिनिटांत दोघी रडकुंडीला. शेवटी कंटाळून सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात जायला लागलो. पहिले तीन आठवडे तिने एक ओळ वाचली नाही, नुसती पुस्तकं काढायची, चित्रं बघायची, परत ठेवायची. मी अस्वस्थ, पण तिथल्या ताई म्हणाल्या करू दे. मग एक बेडकाचं पुस्तक घरी आलं, पानोपानी "डुबुक!" असलेलं, ते आम्ही पाच वेळा रिन्यू केलंय. आता ती ते मला "वाचून" दाखवते, पण मला वाटतं नुसतं पाठ झालंय. याला वाचन म्हणायचं का? तुमच्या मुलांचे, स्वतःचे, कुणाचेही अनुभव लिहा प्लीज.

---

मी बालविभागात अकरा वर्षं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई, पाठ होणं ही वाचनाचीच पायरी आहे हो. वाक्य आधीच तोंडात असतं, बोट शब्दाखालून फिरतं आणि कुठला आवाज कुठल्या अक्षराचा हे मुलाचं मुलालाच जुळायला लागतं. म्हणून गोष्टींच्या तासाला आम्ही मुद्दाम एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारी पुस्तकं घेतो, मोठ्या आकाराची, सगळ्यांना अक्षरं दिसतील अशी, आणि पान उलटण्याआधी थांबून विचारतो, आता काय होईल? शेल्फ कमी उंचीचे आणि पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवलेली असतात ती पण याचसाठी, ज्याला वाचता येत नाही तो पुस्तकाच्या कण्यावरचं नाव बघून काय निवडणार? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक असं आहे. तुमच्या लेकीला तिचं सापडलंय. पालक येऊन म्हणतात "हे फार सोपं आहे, पुढच्या लेव्हलचं द्या" तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण मूल आत्ता कुठे रमलेलं असतं.

---

वरच्या पोस्टला +१. आम्ही बाळ आठ महिन्यांचं असल्यापासून नेतोय, लोक म्हणायचे एवढ्याशा बाळाला काय कळतंय. ब्रिटनमध्ये तर १९९२ पासून बुकस्टार्ट नावाने बाळांना पुस्तकं देतात. शिवाय चित्रांच्या पुस्तकात असे शब्द असतात जे आपण घरी एरवी बोलतच नाही, ते कानावर पडलेले असले की पुढे वाचताना ओळखीचे वाटतात.

---

माझा अनुभव तितका चांगला नाही, तोही लिहितो. आमच्या वाचनालयात "शांतता राखा" म्हणून मुलाला दोनदा दटावलं आणि त्याने तिथे जायचंच सोडलं. अहो, नवशिका मोठ्यानेच वाचणार ना! युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालयांच्या कामांची यादी आहे, त्यातलं पहिलंच काम लहानपणापासून वाचनाची सवय लावणं हे आहे. आवाज चालेल असा एक कोपरा तरी हवाच.

---

आमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं जुळवून वाचणं त्याला फार अवघड जातं, वर्गात वाचायची वेळ आली की त्याचं पोट दुखायचं. अमेरिकेत १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मुलांनी प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तक वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला, कुत्रा चुका काढत नाही म्हणून. आमच्याकडे कुत्रा नव्हता पण बालविभागात एक मोठं कापडी अस्वल आहे, त्याला टेकून हा वाचतो. मी लांब बसतो, मुद्दाम बघत नाही. डिस्लेक्सिया काही गेला नाही, त्यासाठी वेगळ्या टीचर आहेतच, पण पोटदुखी थांबली.

---

पहिल्यांदाच लिहितेय, चुका असतील तर समजून घ्या. मी चौतिसाव्या वर्षी वाचायला शिकले. मुलीला गोष्टींच्या तासाला घेऊन जायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे, सगळ्यांना वाटायचं मी लेकीसाठी आलेय. ताई शब्दाखाली बोट फिरवायच्या ते मी पण डोळ्यांनी फिरवायचे. मला सगळ्यात अवघड गेली पहिली वेलांटी, लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, "किती" वाचताना मी तिथेच अडखळायचे. मग रफार, र असतो आधी पण दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर! लहान मुलांना कुणी बोलत नाही चुकलं तर, मला लाज वाटायची. एक दिवस त्या ताईंनी काही न विचारता माझ्या हातात मोठ्या टाइपचं, छोट्या वाक्यांचं पुस्तक ठेवलं, मोठ्या माणसांच्या गोष्टी होत्या त्यात. एका बाईची गोष्ट होती जी एकटीच प्रवासाला निघते. मला दीड महिना लागला. नंतर स्वतःच्या नावाचं सभासद कार्ड काढलं, फॉर्म मीच भरला.

---

तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, दोघांचे डोळे भरून आले. इतकं स्पष्ट लिहिलंत, खूप आभार.

ज्यांना जवळ चांगलं वाचनालय नाही त्यांनी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे, मोफत आहे, मराठीतही गोष्टी आहेत आणि सोप्यापासून अवघडपर्यंत वाचनाच्या चार पातळ्या आहेत. पण शेल्फसमोर फतकल मारून पुस्तकं उपसायची मजा स्क्रीनवर येत नाही हे माझं मत.

---

धागाकर्ती परत आलेय. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. बेडकाचं पुस्तक सहाव्यांदा रिन्यू केलं, या वेळी दुसरं घे म्हटलं नाही. काल रात्री "डुबुक"वर बोट थांबवून म्हणाली, "आई, यात खाली दोन शेपट्या आहेत, म्हणून दोनदा उ म्हणायचं ना?"