मदत हवी आहे: बसच्या वेळेची टेस्ट बरोबर २३ मिनिटांनी फेल होतेय

पुण्यातल्या बसचं वेळापत्रक दाखवणारा पायथनमधला मुक्तस्रोत प्रकल्प आहे. स्वारगेटहून सकाळी ८:३० ला सुटणाऱ्या बसची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ०३:०० यायला हवी, येते ०२:३७. लॅपटॉपवरही तेच, सीआयवरही (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) तेच. वेळ वाचणारं फंक्शन सुटसुटीत करणारा बदल मर्ज झाल्यापासून हे सुरू झालंय. झोन एशिया/कोलकाताच आहे, टाइमझोनसाठीची लायब्ररी पायटीझेड. टेस्टमधली अपेक्षित वेळच ०२:३७ करावी का?

प्रतिसाद १:
अपेक्षित वेळेला कृपया हात लावू नका. टेस्ट बरोबर आहे, कोड चुकलाय. ८:३० मधून ०२:३७ वजा करा: ५ तास ५३ मिनिटं. यूटीसीपासूनचा हा फरक कोलकात्याच्या जुन्या स्थानिक वेळेचा, भारतीय प्रमाणवेळेच्या आधीचा. पायटीझेडचा झोन थेट टीझेडइन्फो (झोन सांगणारा भाग) म्हणून डेटटाइमला (पायथनमधल्या तारीख-वेळेला) दिला, की तारीख न बघता तक्त्यातली पहिलीच नोंद उचलली जाते आणि ती नेमकी हीच असते. (पुण्याची स्वतःची स्थानिक वेळ काढली तर फरक साधारण ४ तास ५५ मिनिटं येईल. २३ मिनिटांचा फरक कोलकात्याचाच.) त्या बदलात लोकलाइजची (तारीख बघून योग्य ऑफसेट लावणाऱ्या फंक्शनची) ओळ उडाली असणार, डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) बघा. रिप्लेस वापरून टीझेडइन्फो चिकटवला असेल तरी हाच घोळ होतो.

आधीसारखं झोनवर लोकलाइज करा, म्हणजे ०३:०० येईल. पण पायथन ३.९ किंवा पुढचं असेल तर सरळ झोनइन्फोवर (पायथनसोबतच येणाऱ्या टाइमझोन लायब्ररीवर) या. तिथे टीझेडइन्फो थेट दिलेला चालतो, त्यामुळे ही चूक पुन्हा व्हायला जागाच उरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
डिफमध्ये लोकलाइज खरंच उडालेलं होतं. झोनइन्फो घातलं, लिनक्सवर सगळं पास. विंडोजवाल्या एका सहकाऱ्याकडे मात्र 'झोन सापडला नाही' अशी एरर येतेय.

प्रतिसाद २:
विंडोजवर पायथनला वाचता येईल असा झोनचा डेटाबेस नसतो. पिपने (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाने) टीझेडडेटा हे झोनच्या माहितीचं पॅकेज टाका आणि रिक्वायरमेंट्समध्येही (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) लिहा, नाहीतर पुढचा माणूस तिथेच अडकेल.

अजून एक टेस्ट जोडा: यूटीसी ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) बरोबर ५ तास ३० मिनिटं आहे का, एवढंच तपासणारी. ती फेल झाली तर कारण पहिल्या ओळीतच कळेल. आणि तो बदल मर्ज झाल्यानंतर डेटाबेसमध्ये गेलेल्या वेळा २३ मिनिटं मागे आहेत. त्या फंक्शनमधून गेलेल्या नोंदी शोधून तेवढ्यांनाच २३ मिनिटं वाढवा, सरसकट सगळ्यांना नको. तोवर ८:३० ची बस ॲपवर ८:०७ ला दिसत राहील.