इंदूर : सासूबाईंच्या हाताला येतील अशी, जास्त दिवस फुलणारी झुडपं सुचवा

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला, सुदामा नगरात राहतो. घराच्या पश्चिमेला भिंतीलगत १२ फूट लांब, अडीच फूट रुंद वाफा आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. अंघोळ झाली की परडी घेऊन पूजेची फुलं स्वतः तोडायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. आता अंगणापलीकडे जाणं होत नाही, म्हणून हा वाफा त्यांच्यासाठी करायचाय. झाड छातीच्या वर जायला नको, काटे नकोत, आणि देवापुरती चार फुलं बाराही महिने मिळावीत.

अडचण मातीची. माळव्याची चिकण काळी माती. मे महिन्यात भेगेत बोट जातं आणि श्रावणात पाणी हटत नाही. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं अनंत आणि एक्झोरा लावले. पुढे नवी पानं पिवळी पडत गेली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग हळदीसारखा. मी खत-पाणी वाढवत राहिले. नंतर कळलं, दोघांनाही आम्लधर्मी माती लागते. आमच्यासारख्या चुनखडी असलेल्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अनंताचं पहिलं फूल उमललं तेव्हा सासूबाईंनी ते मला हुंगायला दिलं, "देवाला उद्याचं" म्हणाल्या. दुसरी कळी उमलायच्या आधीच गळली.

नर्सरीवाले कण्हेर सुचवतात. फुलते खूप, पाणीही फार मागत नाही. पण तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी, आणि घरात दीड वर्षाचा नातू आहे, हाती येईल ते तोंडात घालतो. बिट्टीही त्याच कारणानं नको.

माझ्या मनात देशी लाल जास्वंद, एकेरी तगर, थंडीसाठी बिनकाट्याची जांभळी कोरांटी आणि अबोली आहे. दुपारनंतरचं कडक ऊन यांना सोसेल का? किती अंतरावर लावू? शेजारच्या जास्वंदीच्या कळ्यांवर कापसासारखी पांढरी कीड असते, ती इकडे येईलच. काय करू?

प्रतिसाद :
ताई, मीही इंदूरचाच. आधी वाफा फूटभर उंच करून घ्या, काळ्या मातीत शेणखत आणि जाडी वाळू मिसळा. पावसाचं पाणी मुळाशी साचलं की सगळं फुकट जातं. जास्वंद तीन-तीन फुटांवर दोनच लावा. फुलं नव्या फांदीवर येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर छाटणी करा. उंचीही आटोक्यात राहते. ती पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्या चढू लागल्या की पानं उलटून बघा, दिसताच पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून फवारा. अबोलीला दुपारचं ऊन सोसत नाही, तिला घराच्या बाजूला, जास्वंदीच्या सावलीत ठेवा. तगरीलाही दुधासारखा चीक असतो, तो पोटात जाऊ नये. नातू मोठा होईपर्यंत ती थांबवलेलीच बरी. लागवड पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर.

मूळ लेखिका :
तगरीच्या चिकाचं लक्षातच आलं नव्हतं, फार आभार. तगर थांबवते. सासूबाई शेजारी बसून ऐकतायत, विचारतायत की जास्वंद पाच पाकळ्यांचीच आणाल ना? संकष्टीला त्यांना तीच लागते. नर्सरीत फूल नसताना एकेरी रोप कसं ओळखायचं, की फूल असलेलंच घ्यावं?