भावनिक विभेदन मोजणारे शोधनिबंध कसे तपासायचे?

प्रश्न
कुटुंब उपचारातल्या भावनिक विभेदनावरचे काही शोधनिबंध आढाव्यासाठी जमवलेत. बहुतेकांत डीएसआय (स्व-विभेदन मोजणारी) ही प्रश्नावली आहे. दोन निबंधांत सहभागींकडून मोबाइलवर दिवसातून अनेकदा भावनांच्या नोंदी घेतल्यात. प्रश्नावलीचा अल्फा (विश्वसनीयतेचा आकडा) सगळीकडे ०.८० च्या वर आहे. सगळे एकत्र घेतले तर चालेल?

उत्तर १
नाही. नाव सारखं असलं तरी संकल्पना दोन आहेत. डीएसआय कुटुंब उपचारातले सिद्धांतकार मरे बोवेन यांच्या सिद्धांतावर उभी आहे: जवळच्या नात्यात राहूनही माणसाचं 'मी'पण टिकतं का? मोबाइलच्या नोंदी पाहतात ते वेगळंच: राग, दुःख, भीती माणसाला निरनिराळ्या जाणवतात, की सगळं नुसतं 'वाईट वाटतंय'? तिथे नकारात्मक भावनांमधला आयसीसी, म्हणजे त्यांच्या नोंदी किती एकत्र वर-खाली होतात याचा आकडा, काढतात. तो जितका जास्त, तितकं विभेदन कमी. लेखकांनी चिन्ह उलटवलंय का आणि ऋण आयसीसी आलेल्यांचं काय केलं, हे पद्धतीच्या भागात शोधा.

उत्तर २
डीएसआयची आवृत्तीही नोंदवा. १९९८ ची ४३ विधानांची, २००३ ची सुधारित ४६ ची; 'इतरांत विरघळणं' ही उपश्रेणी कच्ची पडली म्हणून ती बदलली.

लोक हमखास फसतात ते गुणांच्या दिशेत. उत्तरं १ ते ६ मध्ये असतात आणि बरीच विधानं उलटी मोजतात. त्यामुळे तक्त्यात 'भावनिक प्रतिक्रियाशीलता ४.८' दिसलं तर प्रतिक्रिया *कमी* असा अर्थ. चर्चेत नेमकं उलट लिहिलेलं सापडलं, तर तो निबंध बाजूला ठेवा.

अल्फाचं फार कौतुक नको. तो विधानांचा आपसातला मेळ सांगतो, विभेदनच मोजलं गेलं हे नाही. चिंताग्रस्ततेशी सहसंबंध फार मोठा असेल, तर चिंताच दुसऱ्या नावाने मोजली गेली असण्याची शंका घ्या.

प्रश्नकर्ता
एका निबंधात उपचारानंतर डीएसआयची सरासरी ०.४ ने वाढली आहे. एकाच घरातले चौघे चार स्वतंत्र सहभागी धरलेत.

उत्तर ३
मग पी-मूल्यावर (निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यावर) विसंबू नका. एका घरातली उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात. स्वतंत्र धरली की प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, बहुधा खोटी लहान दिसते. माणूस आणि घर हे दोन्ही स्तर धरणारं बहुस्तरीय विश्लेषण हवं होतं.

०.४ साठी हिशोब करा. समजा प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) ०.६ आणि विश्वसनीयता (अल्फा) ०.८८. मापनाची त्रुटी ०.६ × √०.१२, म्हणजे ०.२१. दोन मापनांतल्या फरकासाठी √२ ने गुणलं की ०.२९, आणि १.९६ ने गुणलं की साधारण ०.५८. एखाद्याचा बदल याहून कमी असेल, तर तो मापनातला चढउतारही असू शकतो. गटाच्या सरासरीला हा उंबरठा लागू नाही, पण कितीजणांनी तो ओलांडला हा आकडा निबंधात हवा. नियंत्रण गट आहे का?