ऑपरेशनानंतरही फुफ्फुस पुन्हा कोलॅप्स

प्रश्न (रामबाग, इंदूर):
मुलगा २३ वर्षांचा, सहा फूट उंच, अगदी काटकुळा. डावं फुफ्फुस दोनदा कोलॅप्स झालं, म्हणून गेल्या वर्षी दुर्बिणीने ऑपरेशन केलं. फुफ्फुसावरचे हवेचे फुगे कापले, प्लुरोडेसिसही केलं, म्हणजे फुफ्फुस छातीच्या भिंतीला आतून चिकटवलं. परवा सराफ्यातून परतताना गाडी स्टँडवर लावली आणि तसाच खांदा धरून उभा राहिला. ती पाठीत सुरी खुपसल्यासारखी कळ आम्ही ओळखतो. एक्स-रेत वरच्या टोकाला हवेची बारीक पट्टी दिसते. चिकटवलेलं फुफ्फुस सुटतं कसं? रात्रभर त्याचा श्वास मोजत बसते.

उत्तर १:
काकू, माझंही असंच झालं होतं. चिकटवण सगळीकडे सारखी बसत नाही, आणि नवे फुगेही येऊ शकतात. ऑपरेशनाने धोका खूप घटतो, शून्य होत नाही. पण बाकी भाग चिकटलेला असल्यामुळे बहुतेकदा थोडंच सुटतं. मला हवा काढायला छातीत नळी लागली नाही. ऑक्सिजन दिला, एक्स-रे काढत राहिले, हवा आपोआप जिरली. तो सिगारेट ओढतो का, तेवढं मायेने विचारा. माझी त्यानंतरच सुटली.

उत्तर २:
मी छातीच्या वॉर्डात नर्स आहे. धाप वाढली, ओठ निळसर झाले किंवा चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत न्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नको. स्कूबा डायव्हिंग तर नकोच.

रामबाग:
सिगारेटचं विचारलं. मान खाली घालून ‘हो आई’ म्हणाला. उद्या सीटी स्कॅन आहे.